ऐकलेलं पुस्तक मतदानात धरायचं का?

१४ नोव्हेंबरपासून ग्रंथालय सप्ताह सुरू होतो. बहुतेक ठिकाणी पुस्तकांचं प्रदर्शन मांडतात, एखादं भाषण होतं, निबंध स्पर्धा होते. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या लहानशा वाचनालयात गेल्या वर्षी आम्ही त्या आठवड्यातल्या शनिवारी मुलांचं मतदान घेतलं. सहा नवी पुस्तकं, तिसरी ते सातवीची मुलं मतदार, आणि जे पुस्तक जिंकेल त्याच्या आणखी पाच प्रती विकत घ्यायच्या. प्रतींचा ठराव मी समितीकडून आधीच मंजूर करून घेतला होता. मुलांना मत विचारायचं आणि खरेदी आपल्या मनाने करायची, हा खेळ मुलं पहिल्या दिवशीच ओळखतात. मग ती मोठ्यांना आवडेल तेच मत देतात.

मुलांच्या पुस्तकांचे पुरस्कार आपल्याकडे मोठी माणसं ठरवतात. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते, मराठीला आणि कोंकणीलाही. निवड जाणत्यांची समिती करते आणि ते काम महत्त्वाचंच आहे. पण अमेरिकेच्या वायव्य भागात १९४० पासून एक पुरस्कार शाळकरी मुलांच्या मतांवर दिला जातो, तिथल्या ग्रंथालय संघटनेकडून. ही माहिती वाचल्यापासून मला वाटत होतं, की एका खोलीच्या वाचनालयालाही एवढं जमायला हवं.

यादी मी आणि शाळेतल्या दोन शिक्षिकांनी केली. गोलकीपर होणाऱ्या मुलीची गोष्ट, भुताच्या गोष्टी, मुंग्यांबद्दलचं माहितीचं पुस्तक, कविता, मगरीचं चित्रपुस्तक, आणि पावसावरचं एक पुस्तक ज्यात एकही शब्द नाही, नुसती चित्रं. प्रत्येक पुस्तकाच्या दोनच प्रती. जुलैत वाटप सुरू झालं आणि पावसात वाचन चांगलं चाललं. गणेश चवथीच्या सुट्टीतही पुस्तकं घरोघर फिरली. भुतांचं पुस्तक नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, तुपाचा डाग घेऊन परत आलं, आणि ते आणणाऱ्या मुलीने डाग कुठल्या पानावर आहे ते स्वतःहून दाखवलं. प्रत्येकाकडे सहा चौकटींचं कार्ड होतं. पुस्तक संपलं की घरच्या कुणाची तरी सही. निदान चार चौकटी भरल्या तर मत देता येणार होतं.

मतदानाची सगळी व्यवस्था मुलांकडेच होती. सातवीतली एक मुलगी निवडणूक अधिकारी होती. मुलांची पहिली तक्रार आली, की मशीन कुठे आहे? १९९९ च्या विधानसभा निवडणुकीत गोव्याने सगळीकडे मतदान यंत्रं वापरली, २०१७ पासून चिठ्ठी दिसणारं यंत्रही आलं.  आम्ही मुखपृष्ठांची लहान चित्रं छापलेली मतपत्रिका केली होती. पुठ्ठ्याचं खोकं, मागे पडदा, बोटाला स्टॅम्पपॅडची शाई.

दहा वाजता रांग लागली आणि काही वेळातच अडली. तिसरीतला एक मुलगा कार्ड घेऊन पुढे आला. पाच चौकटी भरलेल्या. त्याच्या मागच्या मुलाने अधिकारी मुलीला सांगितलं, "ह्याला वाचताच येत नाही. ह्याची ताई वाचून दाखवते."

मुलगा अजिबात घाबरला नाही. म्हणाला, "म्हाका वाचूंक येना. पूण सगळें खबर आसा." म्हणजे वाचता येत नाही, पण सगळं माहीत आहे.

अधिकारी मुलीने माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण ती खुर्ची आज तिची होती. मी म्हटलं, "तू ठरव. मात्र कारण सगळ्यांना सांग."

मग जे सुरू झालं त्यासाठी मी वर्षभराचं काम खुशाल पणाला लावीन. रांग मोडली आणि सगळी मुलं टेबलाभोवती जमली. एक म्हणाला, नियमात 'वाचलेली पुस्तकं' असं लिहिलंय. दुसरी म्हणाली, आपल्या सगळ्यांनाच आधी कुणीतरी वाचून दाखवलंय. समितीवरचे एक आजोबा कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते, त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, "१६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, तेव्हा माझ्या आईला अक्षर ओळखता येत नव्हतं. मतपत्रिकेवर फूल होतं आणि दोन पानं होती. महाराष्ट्रात जायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. एवढा मोठा प्रश्न, पण तिचं मत कुणी नाकारलं नाही."

मोठ्या माणसाने एवढं सांगितल्यावर प्रश्न मिटेल असं मला वाटलं. अधिकारी मुलगी विचार करून म्हणाली, "आजोबा, पण ते मत गोव्याबद्दल होतं. तुमची आई गोव्यात राहत होती, तिला गोवा माहीत होता. इथे मत पुस्तकाबद्दल आहे. ह्याला पुस्तक माहीत आहे का, ते बघायला पाहिजे."

आजोबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "बरोबर बोललीस," म्हणाले.

तेवढ्यात चौथीतली एक मुलगी, जी एरवी माझ्याशीसुद्धा हळू आवाजात बोलते, पावसाचं पुस्तक घेऊन पुढे आली आणि तक्रार करणाऱ्या मुलासमोर उघडून धरलं. "ह्याची चौकट तू भरलीस ना? ह्यात अक्षरंच नाहीत. मग तू काय वाचलंस?"

तो मुलगा गप्प झाला. मीही. यादी करताना त्या पुस्तकाबद्दल आम्ही तिघींनी पुष्कळ चर्चा केली होती, पण हा मुद्दा आमच्यापैकी कुणालाही सुचला नव्हता.

निकाल असा झाला, की वाचलेलं असो वा ऐकलेलं, पुस्तकाबद्दल सांगता आलं पाहिजे. तिसरीतल्या मुलाला मगरीचं पुस्तक दिलं. त्याने ते उघडलंसुद्धा नाही. गोष्ट सांगितली, आणि मग म्हणाला, की दुपारच्या चित्रात मगर तोंड उघडून पडलीय आणि संध्याकाळच्या चित्रात तोंड मिटलंय. ती कुणाला खायला तोंड उघडत नाही, तिला गरम होतं म्हणून उघडते. चित्र काढणाऱ्याला हे माहीत आहे, म्हणून पुस्तक चांगलं आहे. मग मुलांनी पुस्तक ओढून घेऊन पानं उलटली. खरंच तसं होतं. ते चित्रपुस्तक तोपर्यंत बहुतेकांनी वाचलं होतं, मीही निवडताना कितीदा पाहिलं होतं, आणि हे कुणाच्याच नजरेत आलं नव्हतं. त्याचा आजा खाजनातल्या मानशीवर, म्हणजे खाडीकाठच्या शेतातलं पाणी अडवणाऱ्या दारावर, जाळं लावतो. मांडवी आणि झुआरी जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, आणि आमच्याच तालुक्यात दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात. हा मुलगा मगर पाहत वाढलेला, आणि पुस्तक त्याने त्याच डोळ्यांनी पाहिलं.

त्याच्या बोटाला शाई लागली. मला वाटलं, आता रांग पुढे सरकेल. पण अधिकारी मुलगी म्हणाली, "नियम केलाय तर सगळ्यांना सारखा. प्रत्येकाने एका पुस्तकाबद्दल सांगायचं. कुठलं, ते मी ठरवणार."

आणि तिथे भरलेल्या कार्डांचं खरं रूप दिसलं. सहाच्या सहा चौकटी भरलेल्या एका सहावीतल्या मुलाला गोलकीपर मुलीने शेवटी काय केलं ते सांगता येईना. एकीने कवितांचं पुस्तक घेतलं आणि एकही ओळ आठवली नाही. अशी सात-आठ मुलं निघाली, बहुतेक वर्गात हुशार समजली जाणारी. सही घरच्यांनी केली होती. पुस्तक संपल्याचं त्यांना मुलांनीच सांगितलं असणार. एका आईने दारातूनच माझ्याकडे नाराजी दाखवली, की एवढ्या लहान मुलांची परीक्षा कशाला? मी त्यांना सांगितलं, की ही परीक्षा मुलांनीच ठेवली आहे आणि त्यात कुणी नापास नाही.

तेही पुन्हा अधिकारी मुलीनेच खरं केलं. मतदान एकला संपणार होतं, तिने ते चारपर्यंत वाढवलं. "ज्यांना सांगता आलं नाही त्यांनी इथेच बसून वाचावं आणि परत रांगेत यावं." ती मुलं जमिनीवर, पायरीवर, कपाटाला टेकून वाचत बसली. एक प्रत दोघांत. सहावीतला तो मुलगा जेवायला घरी गेला नाही. त्याची धाकटी बहीण डब्यात पोळी-भाजी घेऊन आली. अडीचच्या सुमाराला तो टेबलापाशी येऊन म्हणाला, "शेवट मला नाही आवडला, पण आता सांगतो." सांगितला. कारणासहित सांगितला. मतही दिलं, दुसऱ्या पुस्तकाला.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे सूत्र आम्ही प्रशिक्षणात पाठ करतो. पुस्तक कपाटातून गेलं, नोंद झाली, परत आलं, की आपण समजतो वाचक मिळाला. त्या दुपारी मला पुस्तकाचा वाचक कोण हे मुलांकडून कळलं, आणि नोंदवहीवरचा माझा विश्वास तेव्हापासून कमी झाला आहे. आता पुस्तक परत घेताना मी दोन मिनिटं बोलते. रांग लांबते, लांबू दे.

मोजणी चार वाजता झाली. गोलकीपरचं पुस्तक जिंकलं, दोन मतांनी भुतांवर मात करून. मगर तिसरी. आम्हा तिघींचं सगळ्यात लाडकं, कवितांचं पुस्तक, शेवटचं. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. त्या कविता चांगल्या आहेत.

खोकं रिकामं झाल्यावर मी तिसरीतल्या त्या मुलाची समजूत काढायला गेले, की तुझी मगर हरली तरी तिसरी आली. त्याला माझं बोलणं कळेचना. "बाई, मी मगरीला कुठे मत दिलं? पाच प्रती येणार होत्या ना? मगर आमच्याकडे आहे. मला भुतांचं पुस्तक मिळतच नाही, कायम कुणीतरी नेलेलं असतं."

भुतांच्या पुस्तकाच्या दोन प्रती मी समितीला वेगळं पत्र लिहून मागवल्या. त्यातली पहिली त्याच्या घरी गेली, ताईच्या नावावर.

सातवीतली ती मुलगी आता आठवीत आहे, म्हणजे मतदार नाही. तिने विचारलं, यादी करायला बसू का? आम्ही तिला घेतलं. पहिल्याच बैठकीत तिने वहीत नियम लिहिला, की जे पुस्तक सुचवणाऱ्याने पूर्ण वाचलेलं नाही ते यादीत येणार नाही, आणि मग आम्हा तिघींना एकेक पुस्तक सांगायला लावलं. सध्या अकरा पुस्तकं समोर आहेत. पावसाळ्याआधी त्यातली सहा ठरवायची आहेत, आणि कवितांचं एक तरी राहावं म्हणून माझी तिच्याशी चर्चा चालू आहे.