ओलाव्याने घेतलेलं सोंग
"मॅडम, अल्कोहोल झालं! ३४०० ला बघा केवढा रुंद पीक आलाय." नव्यानेच रुजू झालेली सहकारी अवरक्त वर्णपटाचा आलेख घेऊन धावत आली. पीक म्हणजे नमुन्याने प्रकाश शोषल्याची आलेखातली खूण, आणि ३४०० सारखे आकडे तरंगसंख्येचे, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये किती तरंग बसतात त्याचे. बेंझोफिनोनचं सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करून तिला बेंझहायड्रॉल हे अल्कोहोल मिळवायचं होतं. म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध जायला हवा आणि तिथे ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट यायला हवा. ओएच तर दिसत होता, पण माझी नजर १६६० वर अडली. तिथला टोकदार पीक तसाच होता.

"तो पाण्याचा असेल. पाणी १६४० ला येतंच ना?"

तिची शंका रास्त होती. बंध म्हणजे दोन अणूंमधली स्प्रिंग. स्प्रिंग जितकी ताठ आणि अणू जितके हलके, तितकं कंपन वेगवान. अवरक्त प्रकाशातली त्या कंपनाशी जुळणारी वारंवारताच शोषली जाते, म्हणून प्रत्येक गटाची जागा साधारण ठरलेली. बेंझोफिनोन हा कीटोन. साध्या कीटोनचा कार्बोनिल, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध, १७१५ च्या आसपास दिसतो. बेंझोफिनोनमध्ये दोन्ही बाजूंच्या बेंझिन वलयांमुळे हा दुहेरी बंध थोडा सैल पडतो आणि पीक १६६० पर्यंत खाली सरकतो, थेट पाण्याच्या शेजारी.

पण पाणी ३४०० लाही येतं. मग तिथे दिसतंय ते अल्कोहोल कशावरून? मी १०२० कडे पाहिलं. अल्कोहोलच्या कार्बन-ऑक्सिजन एकेरी बंधाचा ठळक पीक तिथे हवा होता. नव्हता.

"पेलेट दाखव बरं."

नमुना पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये घोटून, दाबून केलेली ही चकती. काचेसारखी पारदर्शक हवी ती दुधाळ होती. पोटॅशियम ब्रोमाइड हवेतला ओलावा भराभर ओढून घेतं. आम्ही ते ओव्हनमध्ये नीट वाळवलं, नमुन्यासोबत पुन्हा खलात घोटलं, दाबयंत्रात पेलेट केली. नव्या आलेखात ३४०० सपाट आणि १६६० जागच्या जागी. अभिक्रिया झालीच नव्हती. तिचा चेहरा उतरला, मलाही वाईट वाटलं, दोन दिवसांची मेहनत होती ती.

मग बोरोहायड्राइडची बाटली काढली. झाकण सैल, आत भुकटीचे खडे झालेले. ज्या ओलाव्याने अभिकारक निकामी केला होता, त्यानेच आलेखात अल्कोहोलचं सोंग घेतलं होतं.

नवी बाटली उघडून तिने दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा केलं. संध्याकाळी आलेख आला तेव्हा १६६० नाहीसा झाला होता, ३३०० च्या आसपास रुंद पट्टा होता आणि १०२० ला ठळक पीक. ती या वेळी काहीच बोलली नाही. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून तिने खिडकीच्या उजेडाला धरले आणि १६६० च्या जागेवर बोट ठेवलं.