पिनिओसायटोमा: गाठ संथ, जागा अडचणीची

पिनिअल ग्रंथी जेमतेम वाटाण्याएवढी, मेंदूच्या मधोमध दडलेली. तिच्यातली पिनिओसायटोमा ही डब्ल्यूएचओच्या वर्गवारीत ग्रेड १ची, म्हणजे वर्षानुवर्षं सावकाश वाढणारी गाठ. मग धावपळ कशाची? पाण्याची. ग्रंथीला लागूनच सीएसएफचा, म्हणजे मेंदूभोवती आणि आत फिरणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाचा, मार्ग जातो, रुंदी १-२ मिलिमीटर. सीएसएफ दिवसाला सुमारे ५०० मिली तयार होतं. मार्ग दबला की वर तुंबतं. सकाळची डोकेदुखी, उलट्या, तोल जाणं ही त्याची लक्षणं. त्यात गुंगी यायला लागली तर ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

दुसरी खूण डोळ्यांत. नजर वर जात नाही, म्हणून वरच्या फळीवरचा डबा बघायला माणूस अख्खी मान मागे टाकतो. बाहुली उजेडाने नीट आकसत नाही, पण नाकाजवळ आणलेलं बोट बघताना आकसते. हा पॅरिनो सिंड्रोम.

एमआरआयवरून गाठीचं नाव नक्की होत नाही. सीटीत कॅल्शियमचे कण कडेला ढकललेले दिसले तर संशय पिनिओसायटोमाचा, गाठीने मधोमध वेढलेले असतील तर जर्मिनोमाचा, म्हणजे याच जागी होणाऱ्या वेगळ्या जातीच्या गाठीचा. पण हा नुसता इशारा. रक्तातले एएफपी आणि बीटा-एचसीजी (काही गाठींची खूण देणारे पदार्थ) बघण्याआधीच गाठ काढायची तारीख घेणं मला पटत नाही. ते नॉर्मल आले तरी जर्मिनोमा नाहीच असं म्हणता येत नाही, बायोप्सी लागतेच; आणि जर्मिनोमा रेडिएशनने विरघळतो, त्यासाठी मोठं ऑपरेशन कशाला?

पाणी तुंबलं असेल तर एंडोस्कोपने तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) तळाला छिद्र पाडतात, त्याच वेळी बायोप्सीसाठी गाठीचा तुकडाही घेता येतो. तुकडा लहान असल्याने कधी फसवतो. छिद्रही पुढे बुजू शकतं, तेव्हा जुनी डोकेदुखी परतली तर 'ऑपरेशन झालंय ना' म्हणून गप्प बसू नये.

गाठ काढताना खरी भीती भोवतालच्या खोल शिरांची, विशेषतः गॅलनच्या शिरेची. रुग्णाला बसवून ऑपरेशन केलं तर रक्त आपोआप खाली निथळतं, पण उघड्या शिरेतून हवा आत शिरण्याचा धोका असतो; श्वासातला कार्बन डायऑक्साइड एकदम घसरला की भूलतज्ज्ञ सावध होतात. गाठ पूर्ण निघाली तर सहसा रेडिएशन लागत नाही. ऑपरेशननंतर वरची नजर काही काळ आणखी बिघडते, बहुतेकदा हळूहळू सुधारते.

पुढे वर्षानुवर्षं एमआरआय. प्रत्येकाची सीडी जपून ठेवा आणि तुलना फक्त मागच्या स्कॅनशी नको, सगळ्यात जुन्याशीही करायला सांगा. लागोपाठच्या दोन स्कॅनमध्ये मिलिमीटरभर वाढ सहज नजरेतून सुटते.