एका पानात दोन आरसे

इंग्रज फर्निचरकार चिपेंडेलच्या नमुन्यांच्या पुस्तकाच्या 1762 च्या आवृत्तीतली आरशाच्या चौकटीची एक प्लेट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, टाकानं उतरवतोय. तीन रविवार गेले. डावी बाजू झाली, उजवीकडे आलो आणि काहीच जुळेना. इकडे पानांच्या भारदस्त वळ्या, तिकडे पाणी ठिबकावं तशी लोंबती टोकं. रोकोकोत, म्हणजे अठराव्या शतकातल्या त्या वळ्या-शिंपल्यांच्या शैलीत, असमतोल असायचाच, असं म्हणत निमूट गिरवत राहिलो.

माझं चुकलंच. या पुस्तकातल्या बऱ्याच प्लेटांवर दोन बाजू म्हणजे दोन पर्याय. गिऱ्हाइकानं एक पसंत करायची, कारागिरानं तीच पलीकडे उलटवायची. तांब्याच्या एका पत्र्यात दोन नमुने, कोरणावळही वाचली!

खात्री करायला आईच्या फणेरपेटीतला आरसा काढला आणि मधल्या रेघेवर उभा धरला. अर्ध्या चौकटीची झटक्यात अख्खी झाली. आरसा फिरवून दुसऱ्या बाजूनं पाहिलं, तर थेट गणपतीचं मखर. मला डावीच आवडली. आता पुढच्या कागदावर तेवढीच, पण दोन्हीकडे.

रेघांचं थोडं जमायला लागलंय. बुरिननं, म्हणजे तांबं कोरायच्या टोकदार हत्यारानं, कोरलेली रेघ टोकाला निमुळती होत जाते, आम्लानं खाल्लेली बोथट संपते. टाकाला पहिली सोपी: दाब सोडत सोडत उचलायचा. परवा मात्र दमट हवेनं कागद ओलसर झाला, शाई फुटली आणि पक्ष्याच्या चोचीच्या जागी नुसता डाग उरला. कागद कपाटात ठेवायचा आळस, दुसरं काय.

यानंतर थॉमस जॉन्सन. हा स्वतः लंडनचा लाकूड कोरणारा, त्यामुळे त्याच्या 1758 च्या नमुन्यांच्या संग्रहात चौकटींवर इसापच्या गोष्टींतले प्राणीसुद्धा येऊन बसतात. त्यातलं अर्पणाचं पान बघाच. एक पंखवालं पोर फ्रेंच पेपर-माशेला आग लावतंय. कागदाच्या लगद्याचे स्वस्त साचेबंद नक्षीचे तुकडे कोरणाऱ्यांच्या पोटावर येत होते, तेव्हा राग समजतो. पण गड्या, तुझ्या त्या वळ्या-शिंपल्यांची अख्खी तऱ्हा फ्रान्सचीच की!

त्याच्या लांब चोचीच्या पक्ष्यांपासून सुरुवात करीन म्हणतो. मागच्या डागाची भरपाई तरी होईल. कागद या वेळी जाड घेतलाय, निबही नवी.