कुजबुज ऐकायला विजापूरला

फोंड्याच्या साफा मशिदीवरून माझी रोजची ये-जा. कौलारू छप्पर, चिऱ्याच्या भिंती, शेजारी पायऱ्यांची तळी. 1560 साली आदिलशहाने बांधलेली, एवढं शाळेपासून पाठ. पण ज्या विजापूरहून हा आदिलशहा फोंड्यावर राज्य करायचा, ते विजापूर कधी पाहिलं नव्हतं. डिसेंबरात मित्राला म्हटलं, चल. त्याचा पहिला प्रश्न, "थंय नुस्तें मेळटा?" म्हणजे तिथे मासे मिळतात का?

चोर्ला घाटातून बेळगाव, तिथून दुसरी बस. बेळगाव सोडलं की झाडं विरळ होत जातात आणि शेवटी नुसती काळी जमीन आणि ज्वारी उरते. संध्याकाळी उतरलो तेव्हा अंगावर शहारे आले. गोव्यात वर्षभर ट्रंकेत पडून असलेला स्वेटर एकदाचा कामी आला, डांबरगोळ्यांच्या वासासकट.

गोलघुमट पाहायची आमची वेळ मात्र साफ चुकली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पोचलो तर शाळांच्या सहलींनी घुमट गच्च भरलेला. एका टाळीचे सात-आठ प्रतिध्वनी उठतात तिथे, आणि वर दीड-दोनशे पोरं एकदम किंचाळत होती. कान धरून खाली आलो. पहारेकरी हसून म्हणाला, "उद्या उघडल्या उघडल्या या."

मग दिवसभर बाकीचं शहर. मलिक-ए-मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली. तोंड सिंहाच्या जबड्याचं, आणि त्या जबड्यात चिरडलेला हत्ती. मित्राने हत्तीवरून हात फिरवला आणि बराच वेळ काही बोलला नाही, हे नवलच. पण मला सगळ्यात आवडला तो इब्राहिम रोजा, इब्राहिम आदिलशहाचा मकबरा. खिडक्यांच्या दगडी जाळ्या म्हणजे कोरलेली अरबी अक्षरं. ऊन आत येतं ते अक्षरांच्या फटींतून. गोलघुमटासारखा आकाराने दडपून टाकत नाही, बसून राहावंसं वाटतं. तासभर बसलो.

नुस्तें मिळालं नाही. कडक भाकरी, भरलं वांगं आणि शेंगाची चटणी मात्र त्याने अशी हाणली की खानावळवाला बघतच राहिला.

तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच निघालो. बूट खाली काढले आणि अनवाणी जिना चढायला लागलो. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातला तो अरुंद जिना, पायऱ्या बर्फासारख्या. पाचव्या मजल्यावर माझा दम गेला. वर गच्चीवर वारा, धुक्यात मशिदींचे घुमट. वाकून दारातून आतल्या सज्जात शिरलो तर चिटपाखरू नव्हतं. खाली मोहम्मद आदिलशहाची कबर काडेपेटीएवढी दिसत होती. वर 1656 साली पुरा झालेला, बाहेरून 44 मीटर व्यासाचा घुमट, आणि मध्ये एकही खांब नाही.

मित्र सज्जातून अर्धा फेरा मारून समोर गेला. त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी इकडे भिंतीला कान लावला, दगडाचा गारवा कानात शिरला. आधी त्याचा श्वास आला, अगदी शेजारी उभा असल्यासारखा. मग शब्द.

"आरे, म्हाका भूक लागल्या."

मीही भिंतीलाच सांगितलं, "थांब रे, पाच मिनिटं." तेवढ्यात खालून पहिल्या सहलीच्या शिट्ट्या ऐकू आल्या.