आरडीएक्स कुठे गेलं?

ऑफिसच्या लिफ्टमध्ये "आरडीएक्स कुठे उडतं ते सापडलं!" असं मोठ्याने बोलू नये. सगळे वळून बघतात. आरडीएक्स हे इंटेल-एएमडी प्रोसेसरमधलं एक रजिस्टर, म्हणजे आकडा तात्पुरता ठेवायची छोटी जागा. आमचा एम्युलेटर त्या प्रोसेसरसाठी बनलेले लिनक्स प्रोग्राम आर्म या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या मशीनवर चालवतो. तिथे आरडीएक्सची जागा एक्स२ हे रजिस्टर घेतं.

तक्रार अशी: ६१ बाइटची एक ओळ फाइलमध्ये लिहायची, तर तिच्या मागोमाग प्रोग्रामच्या मेमरीतला कचराही उतरायचा. ट्रेस (प्रत्येक पायरीची छापील नोंद) चालू केला की सगळं ठणठणीत. दीड दिवस यातच गेला. ट्रेस छापण्याआधी आम्ही सगळी रजिस्टरं सेव्ह करतो, म्हणूनच बग गायब होत होता, हे फार उशिरा सुचलं.

शेवटी त्या प्रोग्रामची डिसअसेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचनांची यादी, उघडली. एवढासा लूप. आरएसआयमध्ये पत्ता, आरडीएक्समध्ये उरलेले बाइट. राइट (फाइलमध्ये लिहिणं) झालं की किती बाइट लिहिले तो आरएएक्समधला आकडा आरडीएक्समधून वजा करायचा, शून्य आलं की बाहेर. लिहिणाऱ्याचं काहीही चुकलं नव्हतं. लिनक्सवर सिस्टीम कॉलनंतर, म्हणजे प्रोग्रामने लिनक्सकडून राइटसारखं काम करून घेतल्यावर, उत्तराचं आरएएक्स सोडून फक्त आरसीएक्स आणि आर११ पुसली जातात, कारण प्रोसेसर स्वतःच त्यांत परतीचा पत्ता आणि फ्लॅग्ज (आधीच्या हिशेबाच्या निकालाच्या खुणा) ठेवतो. बाकी सगळी जशीच्या तशी परत मिळायला हवीत.

आम्ही मात्र सिस्टीम कॉलला साधा फंक्शन कॉल समजलो. फंक्शनच्या नियमात आरडीएक्स जपावं लागत नाही. बहुतेक प्रोग्राम जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या लायब्ररीच्या राइट फंक्शनमधून जातात, त्यांना फरक पडत नाही. शिवाय आमचा कोड राइट नुसतं पुढे ढकलायचा. एक्स२मध्ये तोच आकडा, आणि आर्मवरचं लिनक्सही तो जपतं. दोन वर्षं नशिबावर निभावलं. मग एका सहकाऱ्याने मध्ये पत्ता तपासणारं फंक्शन घातलं, आणि त्यात एक्स२ गेलं.

मीटिंगमध्ये खापर त्याच्यावर. शेवटचा हात ज्याचा, तो चोर, एवढंच मॅनेजर लोकांना कळतं. रात्री गिट ब्लेम, म्हणजे कुठली ओळ कोणी लिहिली त्याची नोंद, पाहिलं. "ही रजिस्टरं सेव्ह करायची गरज नाही" ही कॉमेंट माझी. सकाळी त्याला सांगितलं.

"माहितीये," तो म्हणाला. "मी कालच बघितलं."

आता सगळी सेव्ह करतो, आरसीएक्समध्ये पत्ताही भरतो. आर११ राहिलंय. त्यात फ्लॅग्ज भरायचे तर आम्ही मुद्दाम लांबणीवर टाकलेला फ्लॅग्जचा हिशेब दर कॉलला करावा लागेल. ते तिकीट माझ्याच नावावर उघडं आहे.