माद्रिदचं प्रादो: दोनच चित्रकार बघा, पण नीट बघा

माद्रिदला गेल्यावर प्रादो या कलासंग्रहालयासाठी निदान अर्धा दिवस ठेवा. आणि सगळं बघायच्या मागे लागू नका. बॉश, टिशियन, रूबेन्स हे सगळे थोर आहेत, पण पहिल्या खेपेला वेलास्केस (सतरावं शतक) आणि गोया (अठरावं-एकोणिसावं शतक) हे स्पेनचे दोन दरबारी चित्रकार एवढेच धरा. एखादं संग्रहालय आधी देशाला आणि मग जगाला कसं घडवतं, ते या दोघांच्या दालनांतून फिरताना डोळ्यांसमोर उलगडत जातं.

ही इमारत तिसऱ्या कार्लोस राजाने १७८५ मध्ये निसर्गविज्ञानाच्या संग्रहासाठी बांधायला घेतली होती. १८१९ साली ती उघडली ती मात्र राजघराण्याच्या चित्रांसाठी. १८६८ च्या क्रांतीत राणी दुसरी इसाबेल देशाबाहेर गेली आणि संग्रह राष्ट्राचा झाला. एके काळी राजवाड्यांत जी चित्रं दरबारी मंडळींनाच दिसायची, ती आता सगळ्या देशाची झाली. प्रादोचं खरं काम इथून सुरू झालं, असं मला वाटतं.

पहिल्या मजल्यावर १२ क्रमांकाच्या दालनात वेलास्केसचं ‘लास मेनिनास’ आहे, १६५६ सालचं, तीन मीटरहून उंच. आधी लांबून बघा: छोटी राजकन्या, तिच्या सख्या, कुत्रा, मागच्या आरशात राजा-राणी, आणि डावीकडे ब्रश घेऊन उभा खुद्द वेलास्केस. मग जितकं जवळ जाता येईल तितकं जा. राजकन्येच्या झग्यावरची चांदीची झळाळी विरघळते आणि उरतात नुसते भरभर मारलेले पांढरे-करडे फटकारे. दोन पावलं मागे आलं की पुन्हा रेशीम! मी हे कितीतरी वेळ करत राहिले आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आला.

१८६५ मध्ये फ्रेंच चित्रकार एदुआर माने पॅरिसहून इथे आला, तो वेलास्केस बघून भारावूनच गेला. पुढे मेक्सिकोचा सम्राट मॅक्सिमिलियन याच्या वधाचं चित्र काढताना त्याने आधार घेतला तो गोयाच्या ‘३ मे १८०८’चा. नेपोलियनच्या सैनिकांनी माद्रिदच्या बंडखोरांना गोळ्या घातल्या, त्या प्रसंगाचं ते चित्रही इथेच आहे. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस हात फैलावून बंदुकांपुढे उभा आहे. त्याचा उजवा तळवा नीट बघा, ख्रिस्ताच्या जखमेसारखी खूण दिसेल. मारणाऱ्यांचे चेहरे मात्र एकाचेही दिसत नाहीत.

शेजारच्या, गोयाच्याच ‘२ मे’ची (आदल्या दिवशीच्या उठावाचं चित्र) गोष्टही माहीत असू द्या. स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६–३९) माद्रिदवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा प्रजासत्ताक सरकारने प्रादोची निवडक चित्रं ट्रकांतून व्हॅलेन्सियाला, मग कॅटलोनियात आणि शेवटी १९३९ मध्ये जिनिव्हाला हलवली. वाटेतल्या अपघातात हे चित्र फाटलं. गेलेल्या तुकड्यांच्या जागी कितीतरी वर्षं सपाट रंग होता, २००८ च्या सुमारास ते भाग पुन्हा रंगवून पूर्ण केले. सरकार स्वतः कोसळत असताना चित्रं जपली जातात, तेव्हा ती त्या देशाला काय वाटत असतील!

आता कामाचं. तिकीट ऑनलाइन काढा, वेळेचा स्लॉट मिळतो. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट. सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७ सगळ्यांनाच फुकट, पण रांग मोठी असते आणि दोन तास या दोघांनाही पुरत नाहीत. पैसे भरून सकाळी १० ला उघडताच जा आणि थेट १२ नंबर गाठा. गर्दी जमली की त्या चित्रापुढे मोकळेपणाने मागे-पुढे होता येत नाही. आत फोटोला बंदी आहे, त्यामुळे लोक खरंच बघतात. मोठी सॅक क्लोकरूममध्ये ठेवावी लागते. मेट्रोचं जवळचं स्टेशन एस्तासिओन देल आर्ते.

तळमजल्यावरची गोयाची ‘काळी चित्रं’, म्हणजे त्याने उतारवयात स्वतःच्या घराच्या भिंतींवर काढलेली भेसूर चित्रं, शेवटी ठेवा. त्यानंतर दुसरं काही बघवत नाही. बरोबर लहान मुलं असतील तर तिथे जायच्या आधी विचार करा, पोटच्या पोराला खाणारा सॅटर्न हा रोमन देव त्यातच आहे.

पिकासो पोरवयात इथेच नकला करायला यायचा, १९३६ मध्ये प्रजासत्ताकाने त्याला प्रादोचा संचालक नेमलं, आणि १९५७ मध्ये त्याने ‘लास मेनिनास’वर चित्रांची अख्खी मालिका केली. यादवी युद्धातल्या बॉम्बहल्ल्यावरचं त्याचं ‘गेर्निका’ चालत दहा-पंधरा मिनिटांवर रेइना सोफिया या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. गोयानंतर लगेच ते बघितलं की धागा पक्का जुळतो. फक्त मंगळवारी रेइना सोफिया बंद असतं, तेवढा वार सांभाळा.