आधी गोळी ठरवा, मग रायफल

महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात कुणाला तरी कळतं की मी उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वायोमिंगच्या कुरणांवर प्रेअरी डॉग, म्हणजे बिळात राहणारे खारीच्या जातीचे प्राणी, मारायला जातो. मग काहीजण ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातात, आणि उरलेले खुर्ची पुढे ओढून विचारतात, "लांबून मारायचं तर कॅलिबर, म्हणजे काडतूस, कोणतं घ्यावं? आणि बॅरलचा ट्विस्ट किती?" हे उत्तर खुर्ची ओढणाऱ्यांसाठी.

घाई असेल तर एवढंच ऐका: २२३ रेमिंग्टन, ट्विस्ट एकास आठ. म्हणजे नळीतल्या आट्यांमुळे गोळी दर आठ इंचांना एक पूर्ण फेरी घेते.

घाई नसेल तर प्रश्न उलटा करू. दुकानात जाणारा माणूस आधी काडतुसाचं नाव ठरवतो, मग रायफल घेतो आणि त्यात कोणती गोळी चालेल हे शेवटी बघतो. खरं तर आधी अंतर ठरवावं, त्यावरून गोळी, गोळीवरून ट्विस्ट. नाव सगळ्यात शेवटी.

अंतर महत्त्वाचं ते वाऱ्यामुळे. गोळी किती खाली येईल याचं गणित पक्कं असतं, दुर्बिणीवर तेवढे क्लिक फिरवले की झालं. वारा मात्र कुणाचं ऐकत नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा २२३ची ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी ४०० यार्डांवर साधारण एक हात बाजूला नेतो, आणि समोरचा प्राणी चार-पाच बोटं रुंद. ७५ ग्रेनची निमुळती गोळी निघताना हळू असली तरी हवेत वेग टिकवते, त्यामुळे वाऱ्याचा फटका तिसरा हिस्सा तरी कमी बसतो. तीनशे यार्डांच्या आत ५५ची हलकी गोळी झकास. त्यापुढे मला जड गोळी लागते.

आणि इथे ट्विस्ट आडवा येतो. गोळी भोवऱ्यासारखी गरगरली नाही तर हवेत कोलांट्या खाते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडतं. किती गरगर पुरेल हे ठरतं मुख्यतः गोळीच्या लांबीवर. लोक वजन बघतात, कारण डब्यावर वजन छापलेलं असतं. ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी जे सूत्र दिलं, त्यात गोळीचं वजन नव्हतंच. लांबी आणि व्यास होते.

याचा सगळ्यात महागडा धडा रेमिंग्टन या बंदुका-काडतुसं बनवणाऱ्या कंपनीला मिळाला. १९५५ साली तिच्या प्रतिस्पर्धी विंचेस्टरने २४३ हे काडतूस काढलं आणि रेमिंग्टनने २४४. दोन्हींची गोळी एकाच व्यासाची. रेमिंग्टनने हलक्या गोळ्यांचा विचार करून एकास बाराचा ट्विस्ट दिला, विंचेस्टरने एकास दहाचा. गिऱ्हाइकाला त्याच रायफलीने हरणही मारायचं होतं, १०० ग्रेनच्या गोळीने, आणि २४४मध्ये तिचा भरवसा नव्हता. १९६३ साली रेमिंग्टनने तेच काडतूस एकास नऊच्या ट्विस्टसह '६ एमएम रेमिंग्टन' या नावाने पुन्हा आणलं, पण तोवर बाजार २४३ने नेला होता.

मग सरसकट जलद ट्विस्टच, म्हणजे लहान आकड्याचा, का घेऊ नये? पातळ कवचाच्या गोळ्यांमुळे. सेकंदाला ३२०० फूट वेगाने एकास आठमधून निघालेली गोळी मिनिटाला २,८८,००० फेरे घेते. २२-२५० या जास्त वेगवान काडतुसाचा वेग ३६०० धरला तर ३,२४,०००. नाजूक गोळ्या एवढ्या फिरकीत हवेतच फुटू शकतात. डब्यावर वेगाची मर्यादा दिलेली असेल तर ती वाचा.

२२-२५० का नाही, हेही विचाराल. उत्तम काडतूस आहे, सपाट जातं. पण २२३च्या जवळपास दीडपट दारू जाळतं. प्रेअरी डॉगच्या वस्तीत दिवसभर बार उडतात, नळी तापते आणि आटे लवकर झिजतात. २०४ रुगर २००४चं, वेगाला तुफान आणि धक्का जवळजवळ नाही. पण गोळ्या हलक्या, वारा सुटला की मी ती रायफल गाडीतच ठेवतो. २४३ वाऱ्याला चांगलं, पण धक्क्याने दुर्बीण हलते आणि आपलीच गोळी कुठे लागली ते दिसत नाही. २२३मध्ये ते दिसतं, आणि पुढची गोळी त्यावरूनच सुधारते.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींचं गणित वेगळं. तिथे १ जुलै २०१९पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, शेतातल्या ग्राउंड स्क्विरललाही (जमिनीत बिळं करणारी खार) नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. तिथे एकास आठ हवाच.

कायद्याचं थोडक्यात. एच-वन व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद लागू असल्याशिवाय बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. कुरणाच्या मालकाची परवानगी घ्या. आणि साउथ डकोटातल्या कोनाटा बेसिनसारख्या ठिकाणी तिथले नियम आधी वाचा. काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखे दिसणारे छोटे शिकारी प्राणी) तिथे प्रेअरी डॉगवरच जगतात. १९८१ साली वायोमिंगमध्ये मितीत्सीजवळ सापडेपर्यंत ते नामशेष झाले असंच मानलं जात होतं.

जुनी रायफल स्वस्तात मिळत असेल तर ट्विस्ट स्वतः मोजा. आधी ती रिकामी असल्याची खात्री करा. मग मोकळी फिरणारी सफाईची सळई घट्ट चिंधी लावून नळीत सरकवा, सळईवर खूण करा, आणि खूण एक फेरी पूर्ण करेपर्यंत सळई किती इंच आत गेली ते बघा. जुन्या २२-२५०मध्ये बहुतेक १४ निघतील. तसं निघालं तर ५५ ग्रेनपुढच्या लांब गोळ्यांचा नाद सोडा आणि विकणाऱ्याशी किमतीची घासाघीस करा.